नेटवर्कवरून विंडोज-लिनक्स टाकणारा सर्व्हर: बसवण्याआधी हे वाचा

चार-पाच पीसी असतील तर पेनड्राइव्ह पुरतो. पण कॉलेज रोडवरच्या क्लासची तीस पीसींची लॅब किंवा अंबडमधल्या कारखान्याचे ऑफिस एका सुट्टीत नव्याने लावायचे, तर नेटवर्क इन्स्टॉलेशन सर्व्हरच परवडतो, म्हणजे लॅनच्या केबलवरून सगळ्या पीसींना विंडोज किंवा लिनक्स पुरवणारे एक मशीन. पीसी चालू करताना एफ-१२ दाबायचे (कंपनीनुसार की वेगळी असते), मेनूतून सिस्टिम निवडायची आणि पुढच्या पीसीकडे वळायचे.

महागडे मशीन लागत नाही. जुना आय-३, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि गिगाबिट लॅन पोर्ट एवढे भागते. असे सर्व्हर बसवून देताना आम्ही त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकतो. त्यातला डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम पीसीला बूट फाइलचा (सुरू होताना लागणाऱ्या फाइलचा) पत्ता सांगतो आणि ती टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने पोचवतो. टीएफटीपीवर मुळात ५१२ बाइटचे एकेक पाकीट जाते आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचे निघत नाही. म्हणून त्यावरून फक्त आयपीएक्सईची (मेनू दाखवणाऱ्या बूट प्रोग्रॅमची) छोटी फाइल पाठवायची. मेनू आला की पुढचे सामान वेबसाइटसारखे एचटीटीपीवरून, आणि विंडोजचा सेटअप सांबा शेअरवरून (विंडोजला दिसणाऱ्या सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरवरून).

खरी काळजी डीएचसीपीची, म्हणजे प्रत्येक पीसीला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटणाऱ्या सेवेची. तुमचा राउटर आधीच आयपी वाटतो. त्याच नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी चालू केला, तर काही पीसी चुकीचा आयपी घेऊन बसतात. मग टॅली उघडत नाही, प्रिंटर सापडत नाही. म्हणून डीएनएसमास्क आम्ही प्रॉक्सी मोडमध्येच ठेवतो: आयपी राउटरचाच, आमचा सर्व्हर फक्त बूट फाइल कुठे आहे ते सांगतो. राउटरच्या डीएचसीपीमध्येच ऑप्शन ६६ (सर्व्हरचा पत्ता) आणि ६७ (बूट फाइलचे नाव) भरता येतात, हे खरे. पण तिथे बहुधा एकच फाइल बसते, आणि जुन्या बायोसची व त्याच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयची फाइल वेगळी असते. पीसी स्वतःचा प्रकार ऑप्शन ९३ मध्ये कळवतो (० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय), आणि त्यावरून सर्व्हर योग्य फाइल देतो.

स्विच गिगाबिटच हवा. विंडोजचे सुमारे ५ जीबी गुणिले तीस पीसी म्हणजे १५० जीबी. गिगाबिटवर हे साधारण २५ मिनिटांत वाहते, १०० एमबीपीएसच्या स्विचवर साडेतीन तासांहून जास्त लागतात. केबलही तपासून घ्या. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक जरी जॅकमध्ये सैल बसली, तरी तो पीसी गुपचूप १०० वर उतरू शकतो आणि दोष सर्व्हरला लागतो.

पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याची सोय. स्क्रीनवर पीएक्सई-ई५१ किंवा ई१६ हा एरर दिसला, तर डीएचसीपीचे उत्तरच आलेले नाही. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर बहुतेक वेळा स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलचा लूप टाळणारी सोय, नडते: पोर्ट खुला व्हायला तीस सेकंद घेते, तोवर पीसी कंटाळून पुढे जातो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट पाहणे टाळणारे सेटिंग) चालू करा. ई५३ म्हणजे आयपी मिळाला, फाइलचे नाव नाही. ई३२ म्हणजे नाव मिळाले, पण टीएफटीपीने उत्तर दिले नाही; सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ पाहा.

मेनू दिसतो, विंडोजचा सेटअपही सुरू होतो, पण शेअर सापडत नाही, असेही होते. बूट होताना लॅन कार्ड बायोसच्या भरवशावर चालते. सेटअपला मात्र स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि नव्या २.५ गिगाबिट कार्डांचा तो अनेकदा त्यात नसतो. तो आधीच बूट इमेजमध्ये घालावा लागतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर डिस्कच दिसत नाही. तिथे व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर द्यावा लागतो. आयपीएक्सईची डिजिटल सही नसलेली फाइल सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच सुरू होऊ देणारे यूईएफआयचे सेटिंग) अडवते, म्हणून इन्स्टॉल होईपर्यंत ते बंद ठेवून नंतर पुन्हा चालू करायचे.

आम्ही येण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, पीसींच्या मॉडेलची यादी आणि बायोसचे पासवर्ड काढून ठेवा. विंडोजचे लायसन्स प्रत्येक पीसीचे लागतेच. वाय-फायवरून हे काम होत नाही. लॅन पोर्ट नसलेल्या लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टर लागेल, आणि त्यावरून बूट होते का ते एका लॅपटॉपवर आधी पाहू. सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. नुसता स्विच गेला तरी चालू असलेली सगळी इन्स्टॉलेशन अर्धवट राहतात.

मेनूत आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी ‘स्वतःच्या डिस्कवरून सुरू’ हाच असावा. तिथे ऑटोमॅटिक इन्स्टॉल ठेवले आणि बूट क्रमात नेटवर्क पहिले राहिले, तर पीसी रीस्टार्ट झाला की डिस्क पुन्हा पुसली जाते. काम झाल्यावर सर्व्हर बंद करून ठेवा: टीएफटीपीला पासवर्ड नसतो, आणि ऑटोमॅटिक इन्स्टॉलच्या फाइलमध्ये ॲडमिनचा पासवर्ड बहुधा सहज वाचता येतो.