कंपनी विकली जाते तेव्हा ओपन सोर्सचं काय होतं?

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक कंपनी ताब्यात घेतली. सौदा सुमारे ७.४ अब्ज डॉलरचा होता. त्यात हडसन, मायएसक्यूएल (डेटाबेस), ओपनऑफिस (कार्यालयीन कामाचं सॉफ्टवेअर), ओपनसोलारिस (ऑपरेटिंग सिस्टिम) हे ओपन सोर्स प्रकल्पही आले. पण ज्याचा कोड कुणीही फुकट उतरवून घ्यावा, बदलावा आणि वाटावा, त्यात विकत घेण्यासारखं असतं तरी काय?

कॉपीराइट असतो, नावाचा ट्रेडमार्क असतो, आणि पगारावर काम करणारे प्रोग्रामर असतात. आधी खुला केलेला कोड मालकाला परत घेता येत नाही. मात्र सगळा कॉपीराइट एकाच्या हाती असेल, तर पुढचं काम त्याला बंद दाराआड नेता येतं. ओपनसोलारिसच्या बाबतीत २०१० मध्येच तसं झालं.

हडसनचं भांडण नावावरून झालं. प्रोग्रामरने कोड बदलला की सॉफ्टवेअर आपोआप बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालवण्याजोगं बनवून, त्याच्या चाचण्या घेणारी ही प्रणाली. सनमध्ये असताना कोहसुके कावागुची यांनी ती लिहिली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी प्लगइन, म्हणजे जोडता येणारे छोटे भाग, लिहून वाढवली. २०१० च्या अखेरीस या मंडळींनी कोड गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर हलवायचं ठरवलं. ओरॅकलचं म्हणणं असं, की कोड कुठेही न्या, हडसन हे नाव आमचं आहे. जानेवारी २०११ मध्ये मतदान झालं. नाव बदलण्याच्या बाजूने २१४ मतं पडली, विरोधात फक्त १४. प्रकल्प ‘जेनकिन्स’ झाला आणि बहुतेक प्लगइन लिहिणारे तिकडे गेले. ओरॅकलने हडसन काही काळ चालवला, मग एक्लिप्स फाउंडेशन या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे सोपवला. पुढे तो बंद पडला. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. नाव मालकाकडे राहिलं, पण काम करणारी माणसं निघून गेली आणि प्रकल्प त्यांच्यामागे गेला.

दरवेळी असं होत नाही. मायएसक्यूएलचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याच कोडवरून मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली, तरी मायएसक्यूएल टिकला. त्यावर पगारी अभियंत्यांची फौज राबत होती आणि ओरॅकलने तो खर्च चालू ठेवला. आज दोन्ही डेटाबेस वापरात आहेत.

ओपनऑफिसमध्ये भर घालणाऱ्यांना आपल्या कोडचा कॉपीराइट सनसोबत वाटून घ्यावा लागे. म्हणजे फावल्या वेळात कुणी लिहिलेल्या ओळींवरचे हक्कही सौद्यासोबत ओरॅकलकडे गेले, आणि लिहिणाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. स्वयंसेवकांना हे खुपणं अगदी रास्त होतं. सप्टेंबर २०१० मध्ये अनेकांनी मिळून ओपनऑफिसचा कोड स्वतंत्रपणे पुढे नेण्यासाठी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ जाहीर केलं. ओरॅकलने सामील व्हावं आणि ओपनऑफिस हे नाव द्यावं, असं आवाहनही केलं. नाव मिळालं नाही, म्हणून त्यांच्या शाखेला तात्पुरतं दिलेलं ‘लिबरऑफिस’ हे नाव कायमचं झालं. पुढच्याच वर्षी ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशन या अशाच दुसऱ्या संस्थेला देऊन टाकलं. पण तोवर काम दोन ठिकाणी विभागलं गेलं होतं, आणि अशा फुटीत मोजकेच हात दोन्हीकडे कमी पडतात.

मराठी मेनूंसह वापरता येणाऱ्या या लिबरऑफिसमध्ये कॉपीराइट कुणाच्या नावे करून द्यावा लागत नाही. ज्याने ओळ लिहिली, हक्क त्याचाच राहतो. उद्या कुणाला हे सगळे हक्क विकत घ्यायचे झाले, तर ते विकायला कोणी एक मालकच तिथे नाही.