थंडीत दक्षिणेला निघालेली आरव्ही रात्री थांबते कुठे? मागचा इतिहास

ऑक्टोबर सरत आला की कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातली निवृत्त मंडळी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फ्लोरिडा, टेक्सास, अ‍ॅरिझोनाकडे निघतात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. वाटेत दोन-तीन मुक्काम ठरलेलेच. रात्री गाडी लावायची कुठे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि बहुतेक वेळा तो सोडवला दुकानदारांनी, स्वतःच्या फायद्यासाठी.

मिशिगन-शिकागोकडून मायामीपर्यंतच्या डिक्सी हायवेचा घाट १९१४-१५ मध्ये कार्ल फिशरने घातला. मायामी बीचवर त्याची जमीन विकायला होती, त्यामुळे गिऱ्हाईक दारापर्यंत यायला रस्ता हवाच होता! त्या काळात फोर्डच्या मोटारीला तंबू बांधून लोक निघत आणि डबाबंद बीन्स खाऊन दिवस काढत. १९१९ मध्ये टॅम्पाच्या डी सोटो पार्कमध्ये त्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना काढली. रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला रिकामा पत्र्याचा डबा, ही त्यांची खूण. समोरून येणाऱ्या गाडीवर डबा दिसला की आपला माणूस.

सुरुवातीला हे लोक शेताच्या कडेला उतरत आणि कचरा तिथेच टाकून जात. मग १९२०च्या सुमारास गावोगावच्या नगरपालिकांनी मोकळी मैदानं दिली. पाणी, संडास, कुठे कुठे चूलसुद्धा, आणि सगळं फुकट. हिशेब सरळ होता: रात्री उतरलेला माणूस सकाळी पेट्रोल, पाव, अंडी गावातूनच घेणार. पण फुकटच्या जागेत गरीब, बेकार कुटुंबंही येऊन आठवडेच्या आठवडे राहू लागली आणि गावांचा पाहुणचार आटला. पंचवीस-पन्नास सेंट भाडं लागलं, मुक्कामाला दिवसांची मर्यादा आली. पैसे मोजायला लोक तयार आहेत म्हटल्यावर खासगी मालकांनी खोल्या बांधल्या आणि मोटेलचा धंदा उभा राहिला. काळ्या प्रवाशांना यातल्या कितीतरी जागी प्रवेशच नव्हता. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कचा टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन १९३६ पासून सुरक्षित मुक्कामांची मार्गदर्शिका छापू लागला.

पुढे १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट महामार्ग आले. मिशिगनहून थेट फ्लोरिडात उतरणारा आय-७५ त्यातलाच. त्यांच्या कडेला विश्रांतीथांबे झाले खरे, पण ते डुलकी काढण्यापुरते. फ्लोरिडात तर तीन तासांची मर्यादा आहे. महामार्गाच्या हद्दीत धंदा करायलाही मनाई, त्यामुळे खाणं, पेट्रोल, मोठ्या पार्किंगची दुकानं हे सगळं एक्झिटच्या तोंडाशी गोळा झालं. क्रॅकर बॅरल हे १९६९ मध्ये टेनेसीत सुरू झालेलं उपाहारगृह तिथलंच. वॉलमार्ट ही भल्यामोठ्या दुकानांची साखळीही मग तिथे आली आणि तिच्या पार्किंगमध्ये आरव्ही रात्री फुकट थांबू लागल्या.

वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये रात्र काढणं ऐकायला चिक्कूपणाचं वाटतं. पण उत्तरेतून निघताना आरव्हीच्या नळांमधलं पाणी काढून त्यात गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, भरलेलं असतं, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटायचे. बर्फाचा पट्टा ओलांडेपर्यंत नळ सोडायचेच नाहीत. उत्तरेतली बरीच कॅम्पग्राउंडं, म्हणजे मुक्कामाच्या भाड्याच्या जागा, तोवर बंद झालेली असतात आणि उघडी असली तरी पाणी तोडलेलं असतं. बंद नळासाठी भाडं कोण भरेल? पहिल्या एक-दोन रात्रींना सपाट डांबर आणि थोडा उजेड पुरतो. रिवाज मात्र पाळायचे: मॅनेजरला विचारायचं, कडेला लावायचं, खुर्च्या बाहेर मांडायच्या नाहीत, डांबरावर जॅक रुतवायचा नाही, आणि आत जाऊन काहीतरी घ्यायचं.

यातही अतिरेक झालाच. काही जण तिथेच तळ ठोकून राहू लागले, कॅम्पग्राउंडवाल्यांनी तक्रारी केल्या, कितीतरी गावांनी गाडीत झोपायला बंदी घातली. परवानगी आता दुकानागणिक वेगळी, म्हणून जाणते लोक दुपारीच फोन करून घेतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘हार्वेस्ट होस्ट्स’ने तोच जुना सौदा शेतं आणि वाइनरींच्या अंगणात नेला. वर्गणी भरायची, एक रात्र राहायचं, सकाळी निघताना मध किंवा बाटली विकत घ्यायची. संडासाची सोय मात्र गाडीतच हवी.