आधी जेवण, मग मार्गदर्शन: कॉलेजातल्या मेंटॉर योजनांची पार्श्वभूमी

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाची पहिली अडचण अभ्यास ही कधीच नव्हती. राहायचे कुठे आणि दोन वेळचे जेवायचे कुठे, हे आधी सुटावे लागे. ज्याच्यामुळे ते सुटे, तोच मग आपोआप थोरला होई. कुठले मास्तर कडक, कुठल्या पुस्तकाची जुनी प्रत कुणाकडे, फीमाफीचा अर्ज कुणाच्या हातात द्यायचा, हे सगळे त्याच्याकडूनच कळे. आज कॉलेजांना मेंटॉर कार्यक्रमासाठी मुले गोळा करताना जो घाम फुटतो, त्याचे मूळ माझ्या मते इथे आहे. पूर्वी मार्गदर्शनासाठी कुणी नाव नोंदवत नसे. मुले जेवायला आणि राहायला येत, मार्गदर्शन त्यासोबत पदरात पडे.

१८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले तेव्हा कोकणातून, देशावरून येणारी कित्येक गरीब मुले वार लावून जेवत. आठवड्याचे सात वार, सात घरे. ते जमले नाही तर झोळी घेऊन माधुकरी. वार मिळवायलाही ओळख लागे, आणि ती ओळख गावाकडचा किंवा नात्यातला आधी आलेला मुलगा करून देई. नात्याचे ठळक उदाहरण रँग्लर परांजप्यांचे. धोंडो केशव कर्वे त्यांच्या नात्यातले. मुर्डीच्या या हुशार पोराला कर्व्यांनी शिक्षणासाठी आपल्याकडे आणले, पाठीशी उभे राहिले, आणि १८९९ मध्ये तोच मुलगा केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला, झाला. पुढे फर्ग्युसनचा प्राचार्यही. १९०९ साली सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, याच माधुकरीच्या काळातले.

ही रीत गोड वाटते, पण तिचे दार सगळ्यांना उघडे नव्हते. वार आणि माधुकरी मिळे ती ब्राह्मण मुलांना. बाकीच्यांना पुण्यात थोरला भाऊ मिळणे सोडाच, ओसरीवर बसायलाही जागा नव्हती. म्हणून मग ही उणीव भरून काढणारी वसतिगृहे पुण्याबाहेर जोमाने उभी राहिली. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगांची रांगच लावली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसवली. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना आज विद्यापीठांत नेमाने चालते. मोठ्या मुलांनी लहानांकडे बघायचे, हे अशा वसतिगृहांत कुणी वेगळे शिकवत नसे. एकत्र राबणारी, एकत्र जेवणारी मुले ते करतच.

पुण्यापुरते बोलायचे तर मला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो तो १९५५ चा. डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली ती ग्रामीण भागातल्या गरजू मुलांसाठी. इथे ओळख चालत नाही, गरज पाहिली जाते. म्हणजे अर्ज आणि मुलाखत इथेही आली, पण मुलगा अर्ज करतो तो खोलीसाठी. समितीचे संस्कार, कामाची शिस्त, माजी विद्यार्थ्यांशी पडणारी गाठ, हे सगळे त्याला नंतर मिळते. लीला पूनावाला फाउंडेशनचेही तसेच आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुलींना शिष्यवृत्ती देते आणि तिच्याबरोबर पुढच्या वाटचालीसाठी लागणारे प्रशिक्षणही. मुलगी घरी सांगते ती शिष्यवृत्तीची बातमी. प्रशिक्षणासाठी वेगळी जाहिरात करावी लागत नाही.

ज्यांना यातले काही लाभत नाही ते सदाशिव आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार कॉट, त्यातली एक रिकामी झाली की बीडचा मुलगा बीडच्याच मुलाला फोन करतो. मेस, अभ्यासिका, जुन्या नोट्स, सगळे त्याच वाटेने. ही जुनीच रीत आहे, फक्त आडनावाच्या जागी आता तालुका आला आहे. (आडनाव पूर्ण गेले आहे, असे म्हणायचे धाडस मी करणार नाही.)

कॉलेजने स्वतः मेंटॉर नेमायचे हे आले कुठून? अनेकांना वाटते ते परदेशी विद्यापीठांचे अनुकरण. पण त्याचा सर्वांत स्पष्ट नियम सापडतो तो रॅगिंगविरोधी कायदेकानूंत. महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ मध्येच केला होता. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी अमन काचरू रॅगिंगमध्ये मरण पावला, देश हादरला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक विनियम आणले. पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळे वसतिगृह, रात्री अचानक तपासणी, विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र. त्याच विनियमांत एक तरतूद अशी की प्रत्येक संस्थेने वर्षअखेरीला मेंटॉरिंग सेल तयार करावा, पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मुलांसाठी. मेंटॉर स्वेच्छेने पुढे आलेले विद्यार्थी असावेत, सहा नव्यांमागे एक, आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला आणखी एक.

कागदावर ही रचना सुरेख आहे. पण ज्या विनियमांनी सीनिअर-ज्युनिअर यांच्यामध्ये भिंत उभी केली, त्यांनीच त्या भिंतीत खिडकी ठेवायला सांगितली. भिंत तातडीने झाली, कारण ती नसल्यास कारवाई होती. भिंत हवीच होती, याबद्दल दुमत नाही. पण नव्या मुलाशी बोलायला गेलो आणि उद्या तक्रार झाली तर, ही धास्ती चांगल्या सीनिअरांनाही बसली. स्वेच्छेने पुढे येणारे मेंटॉर मिळेनात ते तेव्हापासून.

मग ही जागा शिक्षकांनी घेतली, किंवा त्यांच्या गळ्यात पडली म्हणा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ‘जीएफएम’ हा शब्द सर्वांना ठाऊक असतो: गार्डियन फॅकल्टी मेंबर. हजेरी कमी भरली की घरी फोन करणारे सर किंवा मॅडम ते हेच. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकने २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हा निकषच घातला. तेव्हापासून प्रत्येक विभागात मेंटॉर-मेंटी रजिस्टर आले. मुलाचे नाव, पालकांचा नंबर, मागच्या सेमिस्टरचे बॅकलॉग, ‘चर्चेचा विषय’ आणि सही. चर्चेच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत ‘अभ्यासाबाबत’ लिहिलेले आणि सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी केलेल्या, असे रजिस्टर पाहिले की योजनेचे काय झाले ते कळते. निकषाने गुणोत्तर मागितले, कॉलेजांनी गुणोत्तर दिले. मुलाने सरांना वसतिगृहातले भांडण किंवा घरचे कर्ज सांगावे, अशी ओळख हजेरीच्या क्रमाने वाटणी करून होत नाही.

याच सुमारास तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनिअरिंगच्या नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम सुरू केला, आणि अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने बाकीच्या शाखांसाठीही तसाच आणला. साधारण वीस मुलांचा गट आणि त्याला एक शिक्षक मेंटॉर, ही इंजिनिअरिंगमधली कल्पना. मेंटॉर म्हणून विद्यार्थी निवडण्याची मोहीमही हल्ली याच वेळापत्रकाला बांधलेली असते, आणि तिथेच ती अडते. राज्याच्या प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेली मुले येईपर्यंत इंडक्शन संपलेले असते, गट पाडून झालेले असतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची गत आणखी वाईट. बहुतेक जण तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधून मराठीत बोलत शिकून आलेले, त्यांना मॅथ्स-थ्रीचा पेपर पहिल्याच सेमिस्टरला, आणि मेंटॉर योजना मात्र ‘फर्स्ट इयर’साठी. तिसऱ्या वर्षाचे डिप्लोमावालेच मग त्यांना कँटीनमध्ये गाठतात, आपल्या जुन्या फाइली देतात, आणि व्हॉट्सॲपवर ‘डीएसवाय’ (डायरेक्ट सेकंड इयर) नावाचा वेगळा ग्रुप काढतात, ज्यात एकही शिक्षक नसतो.