मोटारीच्या रंगावरचे ओरखडे (मुंबई)

मोटारीच्या पत्र्यावरील किंवा बंपरवरील रंगाच्या थरांना घासटून वा आपटून पडलेली चीर म्हणजे ओरखडा. तो घालवण्याच्या कामाला मुंबईच्या गॅरेजांत कामाच्या स्वरूपाप्रमाणे रबिंग, टच-अप किंवा पेंटिंग म्हणतात. कोणता उपाय करायचा हे ओरखड्याच्या लांबीवर नव्हे, खोलीवर ठरते. समुद्राकाठच्या या शहरात खोली फार महत्त्वाची आहे, कारण पत्रा उघडा पडला की खारी, दमट हवा त्याला लगेच धरते.

कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा लेप चढवतात. मग संपूर्ण सांगाडा द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर बहुधा राखाडी किंवा पांढरा प्रायमर, त्यावर गाडीला रंग देणारा बेसकोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. हे सारे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवावेत एवढीच. क्लिअरकोटच्या वाट्याला त्यातले ३५ ते ५० मायक्रॉन येतात. गाडीची चकाकी त्याची असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. रबिंग केल्यावर ओरखडा ‘भरून’ येतो असा सार्वत्रिक समज आहे, तो चुकीचा आहे. रबिंगमध्ये चिरेच्या आजूबाजूचा क्लिअरकोट घासून चिरेच्या तळापर्यंत खाली आणतात. घासलेला थर पुन्हा येत नाही. त्यामुळे दर दिवाळीला हौसेने मशीन पॉलिश करून घेतलेली गाडी काही वर्षांनी छपरावर आणि बॉनेटवर पांढुरकी, पोपडे सुटलेली दिसू लागते.

खोली ओळखायला उपकरण लागत नाही. ओरखड्यावर पाणी शिंपडावे. ओला असताना तो दिसेनासा झाला तर इजा क्लिअरकोटपुरतीच आहे. मग जागा कोरडी करून नख आडवे फिरवावे. नख अडकत असेल तर नुसत्या पॉलिशने काम होणार नाही. तळाशी राखाडी वा पांढरे दिसले तर प्रायमर, आणि धातूची चमक किंवा तांबूस रेघ दिसली तर पत्रा उघडा पडला आहे असे समजावे. पार्किंगमध्ये घासल्यानंतर दिसणारा पांढरा किंवा पिवळा पट्टा पुष्कळदा ओरखडा नसतोच. तो खांबाचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग चिकटलेला असतो आणि कापडावर थोडे रबिंग कंपाउंड (रंग घासून गुळगुळीत करणारा लेप) घेऊन हलक्या हाताने पुसल्यास निघून जातो. अशा पट्ट्यासाठी अख्खा दरवाजा रंगवून घेणारे लोक कमी नाहीत.

मुंबईत ओरखडे येतात कुठून? सिग्नलला दोन गाड्यांच्या फटीतून निघणाऱ्या दुचाकीचे हँडल, सोसायटीच्या खांबांमधली अरुंद जागा, शेजारच्या गाडीचा उघडणारा दरवाजा ही कारणे डोळ्यांत भरतात. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ तारेने घट्ट बांधून गाडी फिरवली तरी बारीक चरे पडतात. पण सर्वांत जास्त नुकसान रोजच्या पुसण्याने होते. बांधकामे आणि रस्त्यांच्या खोदकामाची सिमेंट-वाळूमिश्रित धूळ रात्रभर गाडीवर बसते आणि सकाळी ती कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने रगडली जाते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची नक्षी दिसते ती यातूनच. गाडी पुसणाऱ्या माणसाला यात दोष देणे अन्यायाचे आहे. त्याला एका बादलीत कितीतरी गाड्या उरकायच्या असतात आणि पाणीही मोजूनच मिळते. मालकाने स्वतःच्या गाडीपुरते दोन मायक्रोफायबर कापड द्यावेत, आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी असे सांगावे आणि कोरडे पुसणे पूर्ण बंद करावे. यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय नाही.

क्लिअरकोटमधला ओरखडा रबिंग कंपाउंड आणि नंतर पॉलिश यांनी जातो. थोडा खोल असेल तर आधी २००० नंबरचा वॉटर पेपर (अगदी बारीक घासकागद) पाण्यासोबत फिरवून मग बफिंग, म्हणजे मशीनने चकाकी आणणे, करतात. दरवाजाच्या कडांवर आणि बॉनेटच्या उंचवट्यांवर थर पातळ असतो, तिथे मशीन जरा जास्त थांबले तर खालचा रंग उघडा पडतो. टूथपेस्ट आणि खोबरेल तेलाचे घरगुती उपाय फार चालतात. टूथपेस्ट हे सौम्य घासद्रव्यच आहे, पण त्याचा कण रंगासाठी बनवलेला नसतो. तेल चीर तात्पुरती झाकते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते.

बेसकोटच्या खाली गेलेल्या बारीक चिरेला टच-अप रंग लागतो. त्यासाठी गाडीच्या स्टिकरवरचा रंगाचा कोड पाहावा, नुसते ‘सिल्व्हर’ सांगून भागत नाही. मोठी चीर किंवा पोचा असेल तर पत्रा ठोकून सरळ करणे, लांबी (पुट्टी) भरणे, प्रायमर, रंग आणि क्लिअर असा पूर्ण क्रम करावा लागतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. फवारताना ते कसे बसतील त्यावर छटा बदलते, म्हणून जाणता पेंटर शेजारच्या पॅनलवरही रंग विरवत नेतो. कुर्ला-कालिना परिसरातल्या सीएसटी रोडवर आणि शहरभरच्या गल्ल्यांत डेंटिंग-पेंटिंगची लहान गॅरेजे आहेत. तिथल्या कित्येक पेंटरांची रंग जुळवण्याची नजर थक्क करणारी असते. हीच माणसे अनेकदा नाकाला रुमाल बांधून फवारणी करतात हे पाहून वाईट वाटते. आजच्या दोन घटकांच्या रंगांतील हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या द्रव्यात, आयसोसायनेट हे रसायन असते. त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो आणि रुमाल त्याला अडवत नाही. काम देताना योग्य मास्क आणि हवेशीर बूथ आहे का, हे गिऱ्हाइकाने आवर्जून विचारले पाहिजे.

जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात उघड्यावर रंगकाम करू नये. हार्डनर हवेतल्या बाष्पाशीही प्रक्रिया करतो आणि ओलावा थराखाली अडकून पुढे फोड येतात. पत्र्यापर्यंत गेलेले ओरखडे मे संपण्याआधी दुरुस्त करावेत, कारण हवेतल्या मिठातले क्लोराइड गंजाचा वेग वाढवते आणि गंज रंगाच्या आतून बाजूला पसरतो. भर पावसात चीर पडली तर जागा पुसून, पूर्ण कोरडी करून टच-अपचा एक ठिपका लावून ठेवावा. सुंदर दिसण्याचे पुढे पाहता येईल. बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. त्यावरचे ओरखडे वर्षभर तसेच राहिले तरी बिघडत नाही.

विम्याचा दावा करण्याआधी हिशेब मांडावा. नियमाप्रमाणे रंगकामात घसारा (विमा कंपनी न देणारा, झिजेचा म्हणून कापलेला भाग) ५० टक्के धरतात, पण फक्त सामानाच्या खर्चावर. बिल एकत्रित असेल तर सामान एकूण रकमेच्या २५ टक्के मानतात. म्हणजे १०,००० रुपयांच्या बिलात १,२५० रुपये मालकाचे, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि एका दाव्याने ती साधारणपणे शून्यावर येते. एका दरवाजासाठी ती घालवणे बहुधा तोट्याचे ठरते. कोणी मुद्दाम किल्लीने ओरखडे काढले असतील तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली त्याची तक्रार करता येते. सोसायटीतले सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी मागून घ्यावे.

रंगावर चढवल्या जाणाऱ्या पातळ, कडक सिरॅमिक कोटिंगने पाणी आणि मळ लवकर ओघळतो, मात्र किल्लीचा ओरखडा ते अडवू शकत नाही. ते काम जाड पॉलियुरेथेन फिल्म बऱ्याच अंशी करते. ती महाग असल्याने दरवाजांच्या कडा, मुठीमागची खोलगट जागा आणि डिकीचा काठ एवढ्यापुरती लावून घेणे शहरातल्या गाडीला पुरेसे होते.