संशयास्पद दिसणारे दुवे बनवणारी थट्टेची साधने

एखाद्या निरुपद्रवी पानाचा पत्ता घेऊन त्याच्याऐवजी वापरता येईल असा, पण पाहताक्षणी धोक्याचा वाटणारा पत्ता तयार करून देणारी ही ऑनलाइन साधने आहेत. वापरणारा बातमीचा, छायाचित्राचा किंवा शब्दकोशातील नोंदीचा दुवा साधनाला देतो. बदल्यात मिळणाऱ्या दुव्यात फुकट बक्षीस, पासवर्डची पडताळणी, गोठवलेले खाते, विषाणू अशा अर्थाचे शब्द एकापुढे एक ओवलेले असतात, मधे निरर्थक आकडे-अक्षरे असतात आणि शेवटी बहुधा एखाद्या प्रोग्राम-फाइलचे शेपूट, म्हणजे नावाअखेर बिंदूनंतर येणारी व फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरे, असते. त्यावर क्लिक केले की मूळ पानच उघडते. भीती वाटावी असे जे काही असते ते पत्त्याच्या अक्षरांपुरतेच असते.

ही साधने दुवे लहान करणाऱ्या सेवांच्या वंशातली आहेत. २००२ साली सुरू झालेल्या टायनीयूआरएलने आणि २००८ साली आलेल्या बिटलीने लांबलचक पत्त्यांना मोजक्या अक्षरांचा पर्याय दिला, आणि ट्विटरवरील संदेशाला तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा असल्यामुळे अशा सेवांची चलती झाली. मात्र लहान केलेल्या दुव्यात मूळ संकेतस्थळाचे नाव उरत नाही. आपण कुठे चाललो आहोत हे क्लिक करण्यापूर्वी कळण्याची सोय त्यासोबतच जाते. थट्टेखोरांनी नेमके हेच हेरले. मूळ पत्ता झाकला जाणारच असेल, तर त्याच्या जागी वाटेल ते लिहिता येते, आणि ते आटोपशीर असण्याचेही बंधन नाही. २०१०च्या आसपास गाजलेल्या शेडीयूआरएल या साधनाचे घोषवाक्यच मुळी दुवा नुसता लहान न करता तो संशयास्पद आणि भयावह करा, अशा आशयाचे होते. व्हेरीलेजिट.लिंक हे याच जातीचे आणखी एक साधन. आपण अगदी अस्सल असल्याचा उपरोधिक दावा त्याने नावातच करून ठेवला आहे.

अशा साधनाची अंतर्गत रचना साधी असते. चालवणाऱ्याने स्वतःचे एक डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, नोंदवलेले असते. दिलेला पत्ता नियमांत बसतो ना, हे पाहून सर्व्हर आपल्या शब्दसाठ्यातून सोडतीसारखे काही तुकडे उचलतो, ते जोडरेघा, अधोरेघा आणि बिंदू यांनी सांधतो आणि तयार झालेली अक्षरमाळा मूळ पत्त्याच्या जोडीने डेटाबेसमध्ये नोंदवतो. पुढे कोणा ब्राउझरने तीच अक्षरमाळा मागितली, की सर्व्हर कोणतेही पान न पाठवता ३०१ किंवा ३०२ हा एचटीटीपी (ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील संवादाचे नियम) संकेत आणि सोबत मूळ पत्ता पाठवतो, आणि ब्राउझर आपोआप तिकडे वळतो. ३०१ हा कायमच्या स्थलांतराचा संकेत असल्यामुळे ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो. ३०२ तात्पुरता असल्याने सहसा प्रत्येक वेळी सर्व्हरला नव्याने विचारणे होते आणि किती जण फसले याची मोजदाद ठेवणे सोपे जाते. दुसऱ्या पद्धतीत डेटाबेसची गरजच लागत नाही, कारण मूळ पत्ता सांकेतिक रूपात नव्या दुव्यातच भरलेला असतो. त्यातून निघणारे अक्षरांचे गबाळ दिसायला आणखी संशयास्पद असते, हा त्या पद्धतीचा आयता फायदा.

या साधनांचा शब्दसाठा वरवर वाह्यात वाटला तरी त्यातील बऱ्याच घटकांना इतिहास आहे. दुहेरी शेपटाची फाइल हे त्याचे ठळक उदाहरण. मे २०००मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा विषाणू ईमेलला जोडलेल्या एका प्रेमपत्राच्या रूपात येत असे. त्या फाइलच्या नावात आधी साध्या मजकुराचे 'टीएक्सटी' आणि त्यानंतर आज्ञावलीचे 'व्हीबीएस' अशी दोन शेपटे होती, आणि विंडोजमध्ये शेवटचे शेपूट मुळात लपवलेलेच असल्याने अनेकांना ती निव्वळ मजकुराची फाइल वाटली. तेव्हापासून पत्त्यात किंवा नावात दोन शेपटे दिसली, की जाणकार दचकतो. फुकट मिळणारी डोमेने हा दुसरा धागा आहे: टोकेलाऊ या चिमुकल्या बेटसमूहाचे 'टीके' हे डोमेन दीर्घकाळ विनामूल्य मिळत होते, फसवणूक करणाऱ्यांनी त्याचा भरपूर वापर केला आणि त्याची पत गेली. मे २०२३मध्ये गूगलने 'झिप' हे, आकुंचित फाइलींच्या शेपटासारखेच दिसणारे, उच्चस्तरीय डोमेन (नावातील शेवटच्या बिंदूपुढचा भाग) सर्वांसाठी खुले केल्यावर फाइलचे नाव कोणते आणि संकेतस्थळाचे नाव कोणते, हा घोटाळा होण्याची शक्यता सुरक्षातज्ज्ञांनी लगेच बोलून दाखवली. थट्टा करणाऱ्यांच्या हाती मात्र त्यामुळे एक नवे खेळणे आले.

ही थट्टा साधते याचे खरे कारण वेबपत्त्याच्या रचनेत आहे. पत्त्याचे सध्याचे प्रमाण व्याकरण जानेवारी २००५मधील आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या प्रमाणकांच्या दस्तऐवजात दिलेले आहे. त्यानुसार पत्त्यात प्रथम योजना, म्हणजे एचटीटीपीएससारखा भाग, नंतर यजमानाचे नाव, म्हणजे संकेतस्थळाचे डोमेन, त्यापुढे तिरप्या रेघेने सुरू होणारा मार्ग आणि मग प्रश्नचिन्हापुढील विचारणा असे भाग येतात. विनंती कोणत्या यंत्राकडे जाणार हे केवळ यजमानाच्या नावावर ठरते. त्यापुढील मार्ग त्या डोमेनचा मालक हवा तसा लिहू शकतो. तिथे 'विषाणू' असे लिहिल्याने विषाणू येत नाही आणि 'सुरक्षित' असे लिहिल्याने सुरक्षितता येत नाही. वाचणाऱ्याची नजर मात्र ओळखीच्या शब्दांकडे जाते, आणि असे शब्द बहुधा मार्गातच असतात. पत्त्याच्या ज्या भागाला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही, तोच डोळ्यात भरतो.

फसवणूक करणारे हीच गोष्ट उलट्या दिशेने वापरतात. यजमानाच्या नावाआधी वापरकर्त्याचे नाव आणि 'ॲट' चिन्ह लिहिण्याची मुभा व्याकरणात असल्यामुळे बँकेचे नाव त्या जागी घालून खरे ठिकाण चिन्हापुढे ढकलण्याची युक्ती एके काळी सर्रास चाले. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००४मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमधून वेबपत्त्यांपुरती ही सोयच काढून टाकली. २०१७ साली एका संशोधकाने सिरिलिक लिपीतील अक्षरे वापरून ॲपल कंपनीच्या पत्त्यासारखे हुबेहूब दिसणारे डोमेन नोंदवून दाखवले, आणि काही प्रमुख ब्राउझरांत ते नजरेने वेगळे ओळखता येत नव्हते. पत्त्याशेजारचे कुलूपही या बाबतीत कामाचे नसते, कारण ते संपर्क कूटबद्ध आहे एवढेच सांगते, समोरचा प्रामाणिक असल्याची ग्वाही देत नाही. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३मध्ये संगणकावरील आवृत्तीतून कुलपाचे चिन्ह हटवले.

म्हणून या साधनांतून निघणारा दुवा ही खऱ्या फिशिंगची, म्हणजे खोट्या दुव्यांनी माहिती लुबाडण्याच्या फसवणुकीची, नक्कल नसून तिचे अर्कचित्र म्हणता येईल. नेटका फसवणूक करणारा आपला दुवा शक्य तितका साधा, कंटाळवाणा आणि ओळखीचा ठेवतो; अंगावर येणारे शब्द टाळण्यातच त्याचा लाभ असतो. ही साधने आपल्या मनातील 'धोक्याच्या दुव्याची' प्रतिमा घेऊन ती फुगवतात, आणि ती प्रतिमा ज्याच्या मनात आधीच आहे त्यालाच विनोद कळतो. त्यामुळे माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्यांमध्ये अशी थट्टा अधिक रंगते, तर ज्याला पत्ता वाचण्याची सवयच नाही तो निमूटपणे क्लिक करतो आणि त्याला काही वेगळे घडल्याचे जाणवतही नाही.

२००७पासून पसरलेल्या रिकरोलिंगशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. त्या खोडीत महत्त्वाचे काहीतरी दाखवतो असे सांगून दिलेला दुवा ब्रिटिश गायक रिक ॲस्टली यांच्या १९८७ सालच्या गाण्याच्या चित्रफितीवर नेतो: आश्वासन चांगले, हाती येते ते भलतेच. संशयास्पद दुव्यांत धमकी वाईट असते आणि हाती येते ते जे सांगितले होते तेच. पहिल्या प्रकारात क्लिक केल्यानंतर हसू येते, दुसऱ्यात क्लिक करण्यापूर्वीच. किंबहुना प्रत्यक्ष क्लिक झाले नाही तरी थट्टा पूर्ण होते.

ओळखीच्या मंडळींपलीकडे असे दुवे गेले की अडचणी सुरू होतात. ईमेल गाळण्या आणि कार्यालयीन नेटवर्कवरील फायरवॉल पत्त्यातील शब्दांवरून व डोमेनच्या लौकिकावरून निर्णय घेतात, त्यामुळे थट्टेचा दुवा अनेकदा पोहोचतच नाही, आणि क्वचित पाठवणाऱ्याला सुरक्षा विभागाला उत्तरे द्यावी लागतात. याहून गंभीर बाब अशी, की निरुपद्रवी आणि घातक या दोन्ही पत्त्यांना साधन सारखेच रूप देते. एखाद्याने त्यामागे खरोखरच फसवणुकीचे पान ठेवले, तर 'ही ती गमतीची लिंक असणार' असे समजून लोक निर्धास्तपणे क्लिक करतात. त्यामुळे जबाबदार चालकाला मूळ पत्ते गूगलच्या सेफ ब्राउझिंगसारख्या धोकादायक पत्त्यांच्या यादीशी ताडून पाहावे लागतात. तसे न केल्यास साधनाचे डोमेनच त्या यादीत जाण्याचा संभव असतो आणि मग पूर्वी बनवलेले सर्व दुवे ब्राउझरच्या लाल इशाऱ्यामागे अडकतात. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा प्रशिक्षणातही ही साधने जपूनच वापरावीत, कारण भयावह दिसणारा दुवा उघडून काहीच बिघडत नाही, असा अनुभव वारंवार देणे त्या प्रशिक्षणाच्या हेतूला मारक ठरते.

या दुव्यांचे आयुष्य चालकाच्या उत्साहावर अवलंबून असते. डोमेनचे नूतनीकरण झाले नाही, की सर्व दुवे निकामी होतात, आणि तेच डोमेन दुसऱ्या कोणी विकत घेतले तर जुन्या थट्टेचे दुवे नव्या मालकाला हवे तिथे नेऊ लागतात. दुवा न उघडता त्याचे खरे ठिकाण पाहायचे असल्यास दुवे उलगडून दाखवणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत. त्या सर्व्हरकडून वळणाचा संकेत घेतात, पण पुढे जात नाहीत. टायनीयूआरएलच्या पत्त्याआधी 'प्रिव्ह्यू' हा शब्द लावला किंवा बिटलीच्या दुव्याच्या शेवटी अधिक चिन्ह जोडले, की तीच माहिती त्या सेवा स्वतःच देतात. थट्टेच्या साधनांत मात्र अशी सोय ठेवली तर थट्टाच उरत नाही.