हातवल्हे (कयाकचे)

हातवल्हे : कयाक (अरुंद, वरून झाकलेली लहान होडी) चालवताना लांब दुपाती वल्ह्याऐवजी दोन्ही तळव्यांवर बसवायची छोटी पाती. ती तयार मिळतात. पण तळव्याच्या मापाने घरी करून घेण्याची रीतही कयाकपटूंत रूढ आहे. पोहण्याच्या सरावातील पॅडल्स दिसायला अशीच असतात, काम मात्र वेगळे. पोहणाऱ्याला त्यांनी फक्त पाणी मागे ढकलायचे असते. कयाकपटूला त्याच पात्याने होडी वळवायची, तोल सावरायचा आणि उलटलेली होडी बाहेर न पडता सरळ करायची असते. या शेवटच्या क्रियेला रोल म्हणतात.

उगम : हातवल्ह्याच्या पूर्वेतिहासाचे तीन धागे दाखवता येतात. पहिला ग्रीनलंडचा. तेथील इन्युइट शिकारी कयाकमधून भाला फेकण्यासाठी नॉर्साक नावाची लाकडी फळी वापरत. वल्हे हातातून निसटल्यास हीच फळी पाण्यावर दाबून उलटलेली कयाक सरळ करता येई. मोरेव्हियन पंथाचा इतिहासकार डेव्हिड क्रान्ट्स याने १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीनलंडच्या वृत्तांतात कयाक सावरण्याच्या अनेक रीती दिल्या आहेत. त्यांत वल्हे हरवल्यावर ही फळी, सुरी किंवा नुसता तळवा वापरण्याचा उल्लेख असून, यात यश क्वचितच येते असेही त्याने नोंदवले आहे. आज ग्रीनलंडच्या राष्ट्रीय कयाक स्पर्धेत रोलचे तीसहून अधिक प्रकार करून दाखवावे लागतात आणि नॉर्साकने व रिकाम्या हाताने करायचे प्रकार त्यांत आहेत. हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन कयाकपटूने १९२७ मध्ये रोल साध्य केला. युरोपीयांत तो पहिला मानला जातो. पुढे १९३०–३१ च्या ब्रिटिश मोहिमेत गिनो वॉटकिन्स व त्याचे साथीदार ही विद्या थेट ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून शिकले.

दुसरा धागा अमेरिकी शास्त्रज्ञ व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँक्लिनचा. १७७३ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात त्याने लहानपणी केलेल्या दोन लंबगोल फळ्यांचे वर्णन केले आहे. लांबी सुमारे १० इंच, रुंदी ६ इंच, अंगठ्यासाठी भोक, आकार चित्रकाराच्या रंगफळीचा. फ्रँक्लिनचा जन्म १७०६ चा असून १७२३ मध्ये त्याने बॉस्टन सोडले. तेव्हा या फळ्या बहुधा त्यापूर्वीच्या, १७१० नंतरच्या दशकातील असाव्यात. त्यांच्यामुळे पोहण्याचा वेग वाढला, पण मनगटे थकत, असे तो सांगतो. घरगुती हातवल्ह्यांचे हे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन म्हणता येईल, मात्र त्याचा कयाकशी संबंध नाही.

तिसरा धागा अमेरिकेतील खळाळत्या नद्यांवरचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे स्क्वर्ट बोटिंग हा प्रकार वाढला. जिम व जेफ या स्नायडर बंधूंचा त्यात मोठा वाटा होता. यातील काचतंतूची होडी चालवणाऱ्याच्या अंगमापाने आणि मुद्दाम इतक्या कमी आकारमानाची करतात, की पाण्याखाली जाणाऱ्या प्रवाहाबरोबर ती माणसासकट बुडी घेते. बुडालेल्या अवस्थेत लांब वल्हे प्रवाहात अडते आणि गिरकीला आडवे येते, हातवल्हे येत नाही.

ग्रीनलंडचा वारसा सांगणारे मत आकर्षक आहे. तथापि नॉर्साक ही एका हाताने धरायची आणि मुळात शिकारीची वस्तू. आजची हातवल्हे जोडीने आणि तळव्याला धरून बसणारी आहेत. त्यांची घडण पोहण्याच्या फळ्यांना जवळची आणि गरज स्क्वर्ट बोटिंगची, हे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रीनलंडकडून आले ते तंत्र, वस्तू नव्हे.

आकारमान : पाण्याचा विरोध पात्याच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रौढ माणसाचा बोटांसह तळवा सुमारे १५० चौ. सेंमी. भरतो, तर नेहमीच्या कयाक वल्ह्याचे एक पाते ६००–७०० चौ. सेंमी. असते. फ्रँक्लिनच्या फळीचे क्षेत्रफळ काढल्यास ते ३०० चौ. सेंमी.च्या आसपास, म्हणजे तळव्याच्या दुप्पट येते. सुमारे २५ सेंमी. लांबीची ही फळी प्रौढ हाताच्याही बोटांपुढे सहा-सात सेंमी. जाते. बोटांपुढे गेलेल्या भागावरचा दाब मनगटापासून सर्वांत दूर पडतो, म्हणून त्याचा पीळही सर्वांत जास्त. मनगटे का थकत, याचे उत्तर या मापातच आहे. यासाठी क्षेत्रफळ हवे असल्यास ते लांबीत न वाढवता रुंदीत वाढवावे. बोटांच्या टोकांपुढे दोन-तीन सेंमी. पुरेत.

घडण : ४ ते ६ मिमी.चे मरीन प्लायवुड, पॉलिएथिलिनचा जाड पत्रा (स्वयंपाकघरातील प्लास्टिकचा चॉपिंग बोर्डही चालतो), पॉलिकार्बोनेट किंवा साच्यावर चढवलेले काचतंतूचे थर यांपैकी काहीही वापरतात. ॲक्रिलिक टाळावे, खडकावर आपटताच ते तडकते व धारदार कड उघडी पडते. आपल्याकडे प्लंबिंगच्या दुकानात सहज मिळणारा ११० मिमी. व्यासाचा पीव्हीसी पाइप सोयीचा आहे. त्याचा परीघ सुमारे ३४५ मिमी. असल्याने २२ सेंमी. लांबीचा तुकडा उभा चिरून सपाट केला, की १७ सेंमी. रुंदीची दोन पाती निघतात आणि कोपरे गोल करून लंबगोल आकार दिल्यावर प्रत्येकी ३०० चौ. सेंमी.हून थोडे कमी क्षेत्र उरते. पीव्हीसी ८० अंश से. च्या पुढे मऊ पडते. ते उघड्या हवेतच तापवावे, कारण करपल्यास विषारी वाफ निघते. मऊ असतानाच पाते लाकडी ठोकळ्यावर दाबून उथळ खोलगटपणा ठेवतात.

एक गोष्ट हमखास विसरली जाते : पीव्हीसी व पॉलिकार्बोनेट पाण्यात बुडतात; प्लायवुड व पॉलिएथिलिन तरंगतात. वरील मापाच्या ३ मिमी. जाड पीव्हीसी पात्याचे वजन सुमारे १२० ग्रॅम, पण ते बाजूला सारते तेवढे पाणी ९० ग्रॅमचेच. तळव्याच्या बाजूस १ सेंमी. जाडीचा, पंजाएवढा बंद छिद्रांचा फोम चिकटवला की ही तूट भरून निघते आणि हातालाही मऊ बैठक मिळते. पाते हरवू नये म्हणून दोरीने मनगटाला बांधणे हा उपाय नव्हे. ती दोरी फांदीत अडकू शकते.

कडा काचकागदाने पूर्ण गोल कराव्यात, कारण रोलच्या वेळी पाते चेहऱ्याजवळून जाते. प्लायवुडच्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. भोकांच्या आतल्या कडाही सोडू नयेत, पाणी प्रथम तेथूनच शिरते.

पट्टे : घरगुती हातवल्ह्याची खरी कसोटी पात्यात नसून पट्ट्यात आहे. होडी उलटून रोल फसल्यास स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बसून होडीचे तोंड झाकणाऱ्या पडद्याची) पुढची कडी ओढूनच बाहेर पडता येते. पाते बांधलेल्या हाताला ती कडी सापडली नाही, तर माणूस आत अडकतो. म्हणून मनगटाला बकल किंवा वेल्क्रोने आवळायचा पट्टा कधीही लावू नये. मधल्या दोन बोटांवरून एक नायलॉनची पट्टी आणि हाताच्या पाठीवरून एक ताणपट्टी एवढे पुरते; ताणपट्टीसाठी सायकलच्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी चांगली चालते. मूठ आवळली की पाते घट्ट बसावे आणि बोटे सरळ करताच दुसऱ्या हाताच्या एका ओढीने निघावे, असा ताण ठेवतात. ही चाचणी आधी जमिनीवर, होडीत बसून व डोळे मिटून, मग उथळ स्थिर पाण्यात जोडीदार शेजारी उभा असताना करावी. हात ओले असताना ट्यूब जास्त चिकटते, त्यामुळे कोरड्या हातावर सैल वाटणारा ताणच बहुधा योग्य ठरतो.

वापर : हातवल्ह्यात दांड्याची तरफ नसल्याने तोल सावरण्याचे काम कंबर व गुडघ्यांकडे जाते. अरुंद, ठेंगण्या काठाची होडी त्यांना मानवते. रुंद होडीत हात पाण्यापर्यंत पुरेसे पोचत नाहीत व खांद्यावर ताण येतो. लांब पल्ल्याच्या सागरी प्रवासात ती मुख्य साधन म्हणून निरुपयोगी आहेत.