सशाची तांबडी लघवी: रंगद्रव्य की रक्त?

कुत्र्या-मांजराच्या हिशेबाने सशाची लघवी बघायला गेलं की फसगत ठरलेली. निरोगी सशाची लघवी फिकट पिवळी असते, केशरी असते, विटकरी असते, कधी चक्क तांबडी असते, आणि वर गढूळही. गढूळपणाचं कारण कॅल्शियम. ससा आहारातलं कॅल्शियम आतड्यातून गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि उरलेलं मूत्रपिंडावाटे टाकतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत लघवीवाटे जाणारं प्रमाण २ टक्क्यांहून कमी, सशात ते ४५ ते ६०. लघवीचा पीएच ८-९ असल्याने त्यातला चुना खाली बसतो आणि ट्रेवर पांढरा थर उरतो. त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की फसफसतं. हा प्रयोग प्लास्टिकच्या ट्रेवरच करा. शहाबादी फरशी मुळात चुनखडीचीच, ती स्वतःच फसफसेल आणि डाग पडेल तो वेगळा.

तांबड्या रंगाची मात्र दोन अगदी वेगळी कारणं असतात. एक, वनस्पतींतून आलेली किंवा शरीरात तयार झालेली पॉर्फिरिनसारखी रंगद्रव्यं. ही निरुपद्रवी. दुसरं, रक्त. हे कधीच निरुपद्रवी नसतं. रंग किती गडद यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. रंगद्रव्याची लघवी रक्तापेक्षा भडक दिसू शकते आणि खरं रक्त नुसत्या गुलाबी छटेत निघून जातं. बघायचं ते रंग कसा येतो, केव्हा येतो आणि लघवीच्या कुठल्या भागात येतो.

रंगद्रव्य असेल तर सगळी धार पहिल्या थेंबापासून शेवटच्यापर्यंत एकसारखी रंगलेली असते. कधी लघवी बाहेर पडताना पिवळी असते आणि हवा लागून तासाभरात तांबूस होते. गाजर, कोबी, ब्रोकोली वाढली, कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून एखादी नवी भाजी आणली, अँटिबायोटिक चालू झालं, जागा बदलली, की हे दिसतं. ससा खातो, उड्या मारतो, लेंड्या नेहमीसारख्या. दोन-चार दिवसांत रंग आपोआप उतरतो, काहींत थोडा जास्त रेंगाळतो.

रक्त असेल तर रंग विस्कळीत असतो: पिवळ्या लघवीत तांबडी रेघ, गाठ, किंवा आधी साधी लघवी आणि शेवटी लाल थेंब. मादीत गर्भाशयातून येणारं रक्त बहुधा असं शेवटी येतं, किंवा लघवीशी संबंध नसताना नुसतंच ट्रेमध्ये, मागच्या केसांवर दिसतं.

घरी तपासायचं तर आधी नमुना नीट हवा. भुशावर किंवा वर्तमानपत्रावर पडलेल्या डागावरून काही ठरवू नका. भुसा आणि शाई दोन्ही रंग सोडतात. ट्रे रिकामा करा, साध्या पाण्याने खळखळून धुवा, कोरडा करा, आणि ससा ज्या कोपऱ्यात बसतो तिथेच ठेवून शेजारी मूठभर गवत टाका. खाता खाता लघवी करायची त्यांची सवयच असते. साठलेली लघवी बिनसुईच्या ५ मिलीच्या सिरिंजने ओढून पारदर्शक बाटलीत घ्या आणि तासाभरात तपासा. तेवढा वेळ नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणाऱ्या दहा चाचण्यांच्या लघवीपट्ट्या इथे उपयोगी पडतात. रक्ताचा चौकोन डबीवर लिहिलेल्या वेळेला, बहुधा ६० सेकंदांनी, वाचायचा. पिवळ्याचा हिरवा झाला तर लघवीत रक्त किंवा हिमोग्लोबिन आहे. रंगद्रव्यामुळे तो हिरवा होत नाही. पीएच ८-९ आणि प्रथिनांचा हलका अंश दिसला तर घाबरू नका. पट्टीवरच्या मर्यादा माणसाच्या आहेत, आणि अल्कधर्मी लघवीत प्रथिनांचा चौकोन उगाच रंग धरतो. ट्रे ब्लीचने धुतला असेल तर रक्ताचा चौकोनही खोटा होकार देतो. उलट बाजूने, एकदा नकार आला म्हणून सुटलो असं नाही. रक्तस्राव थांबून थांबून होतो, म्हणून वेगवेगळ्या वेळचे तीन नमुने बघा.

बाटली दोन तास न हलवता ठेवणं हीसुद्धा एक चाचणी आहे. पांढरा गाळ दोन्ही प्रकारांत बसतो, पण त्या गाळावर लाल थर आणि वर फिकट पाणी असं दिसलं तर रक्तपेशी असण्याची शक्यता मोठी. पेशी फुटलेल्या असतील तर मात्र रक्त असूनही पाणी गुलाबीच राहतं. नोटा तपासायच्या यूव्ही दिव्याखाली पॉर्फिरिन चमकतं खरं, पण कागद आणि साबणाचा अंशही चमकतो, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये. शेवटचा निवाडा सूक्ष्मदर्शकाचा: लाल पेशी दिसल्या की रक्त.

आता मादीबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. ‘पाळी आली असेल’ असं घरात कोणीतरी म्हणतंच. सशाला पाळी येत नाही. मादीत बीजच मुळी नराशी संबंध आल्यावर सुटतं. तेव्हा गाभण नसलेल्या मादीचं रक्त दिसलं तर ते आजाराचंच. गर्भाशय न काढलेल्या तीन-चार वर्षांवरच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. काही जातींत निम्म्याहून अधिक माद्यांत. अस्तर जाड होणं, अस्तरातली शीर फुगून फुटणं हेही असतं, आणि शीर फुटली तर एका दिवसात ससा पांढराफटक पडू शकतो. उपाय गर्भाशय काढण्याचाच, त्याआधी फुफ्फुसांचा एक्स-रे, कारण गाठ तिथे पसरते. आणि एक: दुकानदाराने ‘नर’ म्हणून दिलेला ससा मादी निघणं नवलाचं नाही, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

नरात, आणि गर्भाशय काढलेल्या मादीत, संशय मूत्राशयावर जातो: खडा, चुन्याचा दाट गाळ, किंवा जंतुसंसर्ग. ससा पाठ कुबडी करून बराच वेळ बसतो, जोर लावतो, दात करकर वाजवतो, मागचा भाग ओला आणि उग्र वासाचा. जोर लावणं बघून बद्धकोष्ठ समजून तेल पाजणारे पुष्कळ. लेंड्या ठीक असतील तर अडचण लघवीच्या वाटेत आहे. कॅल्शियमचा खडा एक्स-रेत ठळक दिसतो. तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच निघतो. गाळ असेल तर कातडीखाली सलाईन, वेदनाशामक, गरज पडली तर भूल देऊन मूत्राशय धुणं. दहा-बारा तासांत लघवीच नाही, किंवा खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद, तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

वैरणीबद्दल कोल्हापुरात विशेष सांगावं लागतं. म्हशींसाठी येणारी लसूणघास सहज मिळते म्हणून सशालाही तीच घातली जाते. तिच्यात कॅल्शियम साध्या वाळल्या गवताच्या दोन-तीनपट. वाढत्या पिल्लाला आणि पाजणाऱ्या मादीला ठीक, मोठ्या सशाला रोज नको. शेवग्याचा पाला, मेथी, कढीपत्ताही कॅल्शियमने भरलेले, चवीपुरतेच. उसाचं वाडं मुख्य वैरण म्हणून नकोच, त्यात ऑक्झॅलेट, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडा करू शकणारं द्रव्य, असतं. मुख्य खाणं वाळलं गवत, पण आपल्या पावसाळ्यात ते दमट होऊन बुरशी धरतं. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि वास घेऊनच घाला. दोन किलोच्या सशाला दिवसाला सुमारे २०० ते २५० मिली पाणी लागतं. नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या भांड्यातून ससा जास्त पितो, ओली भाजी पाण्यासकट दिली तर आणखी चांगलं. कॅल्शियम पूर्ण तोडायचं मात्र नाही, दात आणि हाडं त्यावरच.

गुरांचे डॉक्टर गावोगाव आहेत, सशाचे कमी. फोनवरच विचारा: ससे बघता का, एक्स-रे आहे का, सशाला भूल देता का. भुलेआधी ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असं सांगितलं तर पुन्हा विचारून घ्या. सशाला उलटी होत नाही, म्हणून उपास लागत नाही, उलट आतडं थंडावतं. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन तोंडाने कधीही देऊ नका, क्लिंडामायसिनही नको. आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि लघवीचं दुखणं राहतं बाजूला, ससा जुलाबाने जातो. डॉक्टर सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा निवडतात, तेही सशाचं त्याच दिवशीचं वजन करून.